वाचकांचे प्रश्न : नवी प्रणाली बसवली आणि वायफाय गेले

विंडोज १० या प्रणालीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर ज्यांत नाही, असे लॅपटॉप मात्र मराठवाड्यातील शाळांत, दुकानांत आणि घरांत आजही रोज उघडले जातात. असे चालते यंत्र टाकून देण्याऐवजी त्यावर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसवणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे येत आहेत. बाकी सगळे चालते, वायफाय तेवढे चालत नाही, ही त्यांतली नेहमीची तक्रार आहे, म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे. संगणकाला द्यायच्या आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टंकित करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहाव्यात आणि शब्दांमधील मोकळी जागा जशीच्या तशी ठेवावी.

प्रश्न : मी केज तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा लॅपटॉप जुना आहे. छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीला असलेल्या माझ्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत त्यावर लिनक्स मिंट बसवून दिले आणि तो परत गेला. लॅपटॉप पूर्वीपेक्षा चपळ चालतो, परंतु वायफायचे चिन्हच नाहीसे झाले आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दाखवले, तेव्हा कार्ड जळाले असून ते बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. भाचा फोनवर म्हणतो की ड्रायव्हर डाउनलोड करून घे. आमच्या गावात तारेचे इंटरनेट नाही, मोबाइलचेच काय ते आहे. ज्याच्यामुळे इंटरनेट येणार, तेच आणण्यासाठी इंटरनेट लागणार असेल, तर मी सुरुवात कोठून करू? आणि कार्ड खरोखरच जळाले असेल का? (एक शिक्षिका, जि. बीड)

उत्तर : बाई, कार्ड बदलण्यासाठी आज पैसे देऊ नका. आदल्या दिवसापर्यंत विंडोजवर नीट चाललेले कार्ड नेमके प्रणाली बदलण्याच्या तासाभरात जळावे, असा योग फारच क्वचित येतो. विहिरीवरची मोटर चालेनाशी झाली, तर तुमच्या घरातील शेतकरी आधी डीपीवरून तिन्ही फेज येतात का आणि स्टार्टर उचलतो का, हे पाहतो. ते न पाहता कोणी मोटर वर काढत नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये मोटर जागेवर आहे, तिला चालू करणारा स्टार्टर तेवढा विंडोजबरोबर पुसला गेला आहे. त्या स्टार्टरलाच ड्रायव्हर म्हणतात.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नल नावाच्या मूळ गाभ्यातच येतात, म्हणून ध्वनी, पडदा, माउसपट्टी यांसाठी तुम्हाला काहीही करावे लागले नाही. वायफायच्या बाबतीत दोन अडचणी येतात. पहिली अशी की काही चिप-उत्पादकांनी आपल्या चिपचा पूर्ण तपशील लिनक्सच्या विकसकांना दिला नाही, त्यामुळे त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो आणि कंपनीने दिलेला बंदिस्त ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. दुसरी अशी की ड्रायव्हर असला, तरी अनेक चिपना सुरू होताना स्वतःच्या पोटात भरून घेण्यासाठी फर्मवेअर नावाची एक छोटी फाइल लागते, आणि ती फाइल डिस्कवर नसेल तर ड्रायव्हर हजर असूनही कार्ड मुके राहते. या दोन अडचणींवरील उपाय निराळे आहेत. तुमची अडचण कोणती, हे कळल्याशिवाय काहीही डाउनलोड करणे म्हणजे रोग न ओळखता औषध घेणे होय.

आधी एक साधी गोष्ट तपासून घ्या. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतील एका बटणावर विमानाचे किंवा मनोऱ्याचे चित्र असते, आणि काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला वायफायची सरकती कळच असते. मेनूमधून टर्मिनल (आज्ञा टंकित करण्याची खिडकी) उघडून ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली, की ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’ अशा दोन ओळी दिसतात. ‘हार्ड’पुढे ‘येस’ असेल, तर अडवणूक कळीची किंवा बटणाची आहे आणि ती कोणत्याही ड्रायव्हरने सुटणार नाही. ‘सॉफ्ट’पुढे ‘येस’ असेल, तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ एवढी आज्ञा पुरते. या यादीत वायरलेस लॅनचे नावच नसेल, तर मात्र पुढचे वाचा.

आता चिपची ओळख पटवायची. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्या. लांबलचक यादी येईल, तिच्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ हे शब्द असलेली ओळ शोधा. (जवळच दिसणारी ‘इथरनेट कंट्रोलर’ची ओळ तारेच्या जोडणीची असते, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.) ओळीच्या शेवटी चौकटी कंसात अपूर्णविरामाने जोडलेले चार-चार चिन्हांचे दोन गट दिसतील. पहिला गट उत्पादकाचा असतो आणि दुसरा त्या विशिष्ट चिपचा. पहिला गट ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०ईसी असेल तर रिअलटेकची, १६८सी असेल तर अथेरॉसची, १४सी३ असेल तर मीडियाटेकची आणि १४ई४ असेल तर ब्रॉडकॉमची. लॅपटॉपच्या झाकणावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, याला या कामात काडीचे महत्त्व नाही, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये निरनिराळ्या महिन्यांत निरनिराळ्या चिप बसवलेल्या असतात. कोणाचाही सल्ला घेताना लॅपटॉपचे नाव सांगून थांबू नका, हे दोन गट सांगा.

त्याच ओळीच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का, ते पाहा. ती असेल, तर ड्रायव्हर आहे आणि शंका फर्मवेअरवर घ्यायची. ती नसेल, तर चिपला अजून कोणी हाकणारा मिळालेला नाही. आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ हे शब्दच यादीत कोठे सापडले नाहीत, तर तेव्हा कार्ड सैल झाले आहे किंवा बिघडले आहे, अशी शंका घेण्यास आधार मिळतो. दुकानदाराने हे पाहूनच निदान केले होते का, हे त्याला जरूर विचारा.

तुमचा मुख्य प्रश्न इंटरनेटचा आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे. फोनचे हॉटस्पॉट येथे उपयोगाचे नाही, कारण तेही वायफायच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगच्या पानावर जा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. लिनक्स अशा फोनला तारेची जोडणी समजते आणि तिला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. काही क्षणांत कोपऱ्यात तारेच्या जोडणीचे चिन्ह येईल. टेदरिंगचा पर्याय पुसट दिसत असेल, तर केबल बदलून पाहा. स्वस्त केबलींमध्ये केवळ चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात, आणि या एका कारणाने खटपट अर्ध्यावर सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. केबल काढली की टेदरिंग आपोआप बंद होते, म्हणून पुन्हा जोडल्यावर ते पुन्हा सुरू करावे लागते. लाईट गेल्यावर गावच्या टॉवरचे नेटवर्कही डळमळते, तेव्हा हे काम लाईट असताना हातात घ्या.

ब्रॉडकॉमच्या चिपविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवल्यावर वायफाय हरवले की माझी पहिली शंका तिच्यावरच जाते. या कंपनीने वर्षानुवर्षे लिनक्ससाठी आपले तपशील खुले केले नव्हते. सप्टेंबर २०१० मध्ये तिने काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला, परंतु सर्व चिप त्यात आल्या नाहीत. उदाहरणार्थ, बीसीएम४३१३ ही चिप खुल्या ड्रायव्हरवर चालते, तर अनेक किफायतशीर लॅपटॉपांत आढळणारी बीसीएम४३१४२, जिची ओळख १४ई४ आणि ४३६५ अशी दिसते, तिला आजही कंपनीचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हरच लागतो. तुमच्या यादीत १४ई४ दिसले आणि ड्रायव्हरची ओळ दिसली नाही, तर फोनचे इंटरनेट जोडून मिंटच्या मेनूतील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. तो चिप स्वतः ओळखतो आणि ब्रॉडकॉमच्या नावापुढे एक पर्याय दाखवतो. तो निवडा, पासवर्ड द्या, काम संपेपर्यंत केबल हलू देऊ नका आणि मग लॅपटॉप पुन्हा सुरू करा. फोनचे इंटरनेटही मिळाले नाही, तर भाच्याने ज्या पेनड्राइव्हवरून मिंट बसवले तो मागवून घ्या. ड्रायव्हर मॅनेजरला इंटरनेट सापडले नाही, तर तो इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह जोडण्याचा पर्याय देतो, आणि ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्या पेनड्राइव्हवर असतो.

येथे एक अडथळा येऊ शकतो, आणि तो आधी माहीत नसेल तर माणूस हैराण होतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये ‘सिक्युअर बूट’ ही यंत्र सुरू होतानाची सुरक्षा तपासणी चालू असेल, तर ज्या ड्रायव्हरवर मान्यतेची सही नाही, त्याला कर्नल आत येऊ देत नाही. कंपनीचा हा ड्रायव्हर तुमच्याच यंत्रावर तयार होत असल्याने त्यावर तुमच्या यंत्राची सही लागते. म्हणून बसवताना एक नवा पासवर्ड ठरवण्यास सांगितले जाते आणि पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येतो. हा पडदा केवळ दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कोणतेही बटण दाबून ‘एनरोल एमओके’ निवडायचे, ‘कंटिन्यू’ म्हणायचे आणि ठरवलेला पासवर्ड द्यायचा. घाबरून किंवा न कळून तो पडदा निसटला, तर ड्रायव्हर बसल्याचे दिसते, पण वायफाय येत नाही. तसे झाले, तर ड्रायव्हर काढून पुन्हा बसवा म्हणजे तो पडदा पुन्हा येईल. बायोसमध्ये, म्हणजे प्रणाली सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद करणे हा दुसरा मार्ग आहे. ज्या यंत्रावर विंडोज उरलेलेच नाही, त्यावर तो स्वीकारण्यास माझी हरकत नाही, तरी सहीचा मार्ग जमत असेल तर तोच घ्यावा.

चिप इंटेलची किंवा अथेरॉसची निघाली, तर काम सोपे आहे. या चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात आणि कमतरता असलीच तर फर्मवेअरची असते. टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज’ ही आज्ञा दिली, की यंत्राने सुरू होताना लिहिलेली नोंदवही समोर येते. (ही आज्ञा इंग्रजीत एस-यू-डी-ओ, मोकळी जागा आणि मग डी-एम-ई-एस-जी अशी लिहितात.) तिच्यात फर्मवेअर सापडले नाही, अशी इंग्रजी ओळ असेल, तर फोनचे इंटरनेट जोडून अपडेट मॅनेजरमधून सर्व दुरुस्त्या बसवल्या, की सहसा वायफाय येते. डेबियन ही प्रणाली वापरणाऱ्यांना ही अडचण पूर्वी फार येत असे, कारण खुली नसलेली फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचीच नाही, असा त्या प्रकल्पाचा नियम होता. २०२२ मध्ये तेथील सदस्यांनी मतदान करून तो बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ही फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच मिळू लागली. म्हणून इंटरनेटवर सापडणारे जुने सल्ले डेबियनविषयी असतील, तर त्यांची तारीख पाहून घ्यावी.

रिअलटेकच्या आणि मीडियाटेकच्या चिपमध्ये अडचण उलट दिशेने येते. तेथे नवी चिप आणि जुना कर्नल अशी विजोड जोडी जमते. मीडियाटेकच्या एमटी७९२१ या चिपचा ड्रायव्हर २०२१ मधील ५.१२ या कर्नलपासून आला, आणि रिअलटेकच्या ८८५२एई या चिपचा जानेवारी २०२२ मधील ५.१६ पासून. त्याआधीच्या कर्नलवर ही कार्डे आपोआप चालणार नाहीत. तुमचा लॅपटॉप जुना असल्याने हे तुम्हाला लागू पडणार नाही, पण शाळेतील एखाद्या सहकाऱ्याच्या नव्या यंत्रावर जुने मिंट बसवले असेल, तर अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ या यादीतील ‘लिनक्स कर्नल्स’ येथून नवा कर्नल घेणे हा त्यावरील सरळ उपाय आहे.

व्हिडिओत सांगितलेल्या आज्ञा, त्या कोणत्या चिपसाठी आहेत हे न पाहता, ओळीने देत जाऊ नका. एका चिपचा ड्रायव्हर बसवताना दुसऱ्या ड्रायव्हरांना मज्जाव करणाऱ्या फाइली तयार होतात, आणि असे दोन-तीन प्रयोग झाले की जो ड्रायव्हर आपोआप चालला असता, तोही अडकून बसतो. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवणारे ‘एनडीआयएसरॅपर’ नावाचे एक जुने साधन आहे. एके काळी ते उपयोगी होते, पण आज कोणी सुचवले तरी त्याच्या वाटेस जाऊ नका.

प्रश्न : सेलू येथे माझे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, दाखले अशी कामे करतो. नवा लॅपटॉप विंडोजशिवाय स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि परवाना घेऊन त्यावर विंडोज बसवले, कारण अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीची डोंगल त्यावरच चालतात. आता वायफाय येत नाही. एका ओळखीच्या तंत्रज्ञाने सगळे ड्रायव्हर एकदम घालणारी एक फाइल पेनड्राइव्हवर दिली आहे. ती चालवावी का? (केंद्रचालक, जि. परभणी)

उत्तर : ती फाइल चालवू नका. अशा एकगठ्ठा ड्रायव्हर-संचांबरोबर जाहिराती दाखवणारे आणि ब्राउझरची मांडणी बदलणारे कार्यक्रम आत शिरतात, आणि तुमच्या यंत्रावर तर गावोगावच्या लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुके आणि अंगठ्यांचे व्यवहार असतात. लोक विश्वासाने तुमच्यासमोर अंगठा ठेवतात. त्या यंत्रात कोठून आले हे माहीत नाही, अशी एकही फाइल असता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

विंडोजमध्येही चिप ओळखण्याची रीत तीच आहे, फक्त जागा वेगळी आहे. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तेथे पिवळ्या खुणेसह ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे नाव दिसेल आणि त्याच्या गुणधर्मांत ‘कोड २८’ लिहिलेले असेल. ड्रायव्हर बसवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘डिटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले, की ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे उत्पादकाचा आणि ‘डीईव्ही’पुढे चिपचा गट दिसेल. वरच्या उत्तरात दिलेले उत्पादकांचे आकडे येथेही तेच आहेत.

मग लॅपटॉपच्या तळाशी असलेला अनुक्रमांक फोनवरून कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर टाका आणि त्याच यंत्राचा वायरलेस ड्रायव्हर, तुमच्या विंडोजच्या आवृत्तीचा, फोनमध्ये उतरवून केबलने लॅपटॉपवर घ्या. मूळ यंत्र विंडोजशिवाय विकलेले असले, तरी त्याच मॉडेलची विंडोजसह विक्री होत असेल, तर तेथे ड्रायव्हर मिळतो. फाइल झिप स्वरूपात असेल, तर ती सोडवून फोल्डर करा, पिवळ्या खुणेवर उजवी टिचकी देऊन ‘अपडेट ड्रायव्हर’ आणि नंतर संगणकावर शोधण्याचा पर्याय निवडा आणि तो फोल्डर दाखवा. याहून सोपा मार्गही आहे. विंडोज १० आणि ११ दोन्ही फोनचे यूएसबी टेदरिंग ओळखतात. ते जोडून विंडोज अपडेट चालवले, तर पुष्कळ वेळा हवा तो ड्रायव्हर तेथूनच येतो, आणि न आल्यास ‘ऑप्शनल अपडेट्स’मधील ड्रायव्हरांची यादी पाहावी. मी तुमच्या जागी असतो, तर आधी हा मार्ग घेतला असता.

प्रश्न : लातूरला वसतिगृहात राहून मी नीटची तयारी करत आहे. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स बसवल्यानंतर वायफाय चालते, पण राउटरच्या अगदी शेजारी बसल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. विंडोजवर असे होत नव्हते. माझ्या मित्राची अडचण आणखी वेगळी आहे. त्याला घरमालकाचे नेटवर्कच यादीत दिसत नाही, बाकी सगळ्यांची दिसतात. ड्रायव्हर बदलावा का? (विद्यार्थी, मूळ गाव उदगीर)

उत्तर : तुमची चिप बहुधा रिअलटेकची आरटीएल८७२३बीई असावी, ते आधी ‘एलएसपीसीआय’ने पडताळून घ्या. या चिपला अँटेनासाठी दोन जोडण्या असतात आणि खर्च वाचवण्यासाठी पुष्कळ लॅपटॉपांत त्यांतील एकीलाच अँटेना लावलेली असते. लिनक्सचा ड्रायव्हर चुकून रिकाम्या जोडणीकडे कान लावून बसतो, त्यामुळे राउटर हाताच्या अंतरावर असल्याशिवाय काही ऐकू येत नाही. ड्रायव्हर बदलण्याची गरज नाही. त्याला कोणती जोडणी वापरायची, हे सांगावे लागते. ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरात एक नवी फाइल करावी. तिचे नाव काहीही चालेल, पण ते ‘.कॉन्फ’ने संपले पाहिजे. फाइलमध्ये एकच ओळ लिहावी: ‘ऑप्शन्स’, मोकळी जागा, चिपचे वरील नाव लहान अक्षरांत, मोकळी जागा, आणि मग ‘एएनटी’, अधोरेखा, ‘एसईएल’, बरोबरीचे चिन्ह आणि २ हा आकडा, मध्ये मोकळी जागा न सोडता. लॅपटॉप पुन्हा सुरू करून पाहा. फरक पडला नाही, तर २ च्या जागी १ लिहा. चिप दुसरी निघाली, तर ही ओळ लिहू नका, तिचा काही उपयोग होणार नाही.

मित्राच्या बाबतीत ड्रायव्हर निर्दोष दिसतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ या वाहिन्या वापरता येतात, पण अमेरिकेत साधारणपणे पहिल्या अकराच वापरल्या जातात. लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजत असेल आणि घरमालकाचा राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर बसला असेल, तर तेवढे एकच नेटवर्क अदृश्य होते. ‘सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन’ या आज्ञेने लॅपटॉपला भारताचे नियम लागू होतात. या आज्ञेतील शेवटची दोन अक्षरे मात्र मोठी लिहायची आहेत. बऱ्याच कार्डांत देशाचा संकेत कारखान्यातच कोरलेला असतो आणि ती कार्डे ही आज्ञा पूर्णपणे मानत नाहीत. तसे झाले, तर घरमालकांना विनंती करून राउटरची वाहिनी १, ६ किंवा ११ करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. कधी लिनक्समध्ये वायफाय असते, कधी नसते. ड्रायव्हर आपोआप पुसला जातो का? (वाचक, नांदेड)

उत्तर : ड्रायव्हर पुसला जात नाही. विंडोज ‘शट डाउन’ केल्यावर ते खऱ्या अर्थाने बंद होत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे ते आपली अर्धी अवस्था डिस्कवर राखून झोपते आणि वायफायचे कार्डही अर्धवट झोपेत राहते, मग लिनक्सला ते जागे करता येत नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ येथे जाऊन ही सोय बंद करा. खात्री करून घ्यायची असेल, तर एकदा विंडोजमधून ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये या, कारण रीस्टार्ट करताना विंडोज पूर्ण बंद होते. तेवढ्याने वायफाय आले, तर दोष याच सोयीचा आहे. ती बंद केल्याने विंडोजचा विभाग लिनक्समध्ये केवळ वाचण्यापुरता उघडतो, ही तक्रारही जाते.

प्रश्न : आमच्या वाचनालयातील पाच जुन्या संगणकांवर लिनक्स बसवण्याचे ठरले आहे. त्यांना वायफायच नाही, म्हणून यूएसबी डोंगल घ्यायच्या आहेत. कोणत्या घ्याव्यात, आणि ही पत्रे वाचून पडलेला दुसरा प्रश्न म्हणजे आधी काय तपासावे, म्हणजे मागाहून अडचण येणार नाही? (ग्रंथपाल, अंबाजोगाई)

उत्तर : डोंगल घेताना खोक्यावरील नावापेक्षा आतली चिप विचारा. अथेरॉसची एआर९२७१ आणि मीडियाटेकची एमटी७६०१यू या दोन चिप लिनक्सवर स्वतंत्र ड्रायव्हर न बसवता चालतात. नावावर विसंबू नका, असे सांगण्याचे कारण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलमध्ये पाहता येते. तिच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आली, आणि बाहेरून पाहता फरक फक्त आवृत्तीच्या बारीक आकड्यात दिसतो. पाच डोंगल एकदम घेऊ नका. एक घ्या, लावून पाहा आणि मग त्याच आवृत्तीच्या उरलेल्या चार घ्या.

डोंगल लावल्यावर वायफायऐवजी एखादी सीडी लावल्यासारखे चिन्ह आले, तर ती खराब निघाली असे समजू नका. काही डोंगल विंडोजचा ड्रायव्हर आपल्यातच बाळगतात आणि आधी सीडी म्हणून ओळख देतात. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेत ०बीडीए आणि १ए२बी असे दोन गट दिसले, तर हाच प्रकार आहे. ती सीडी ‘इजेक्ट’ केली, की डोंगल आपल्या खऱ्या रूपात येते. दर वेळी हे करावे लागू नये, म्हणून ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज बसवून घ्यावे.

आधी काय तपासावे, हा प्रश्न तुम्ही वेळेवर विचारलात. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला, की डिस्कला हात न लावता प्रणाली तशीच चालवून पाहता येते. या अवस्थेत डोंगल लावा, वाचनालयाच्या वायफायला जोडा, एखादे पान उघडून पाहा आणि ‘एलएसपीसीआय -एनएनके’ व ‘एलएसयूएसबी’ यांच्या याद्यांचे फोनने छायाचित्र काढून ठेवा. पाचही संगणक एकाच खरेदीतले असले, तरी प्रत्येक वेगळा तपासा, कारण मधल्या काळात कोणाचे काय बदलले, याची नोंद सहसा कोणी ठेवलेली नसते. जो संगणक पेनड्राइव्हवरून वायफायला जोडला जातो, तो डिस्कवर बसवल्यावरही जोडला जाईल, मात्र डिस्कवर तीच आवृत्ती बसवा. जो जोडला जात नाही, त्याच्यावरचे विंडोज तोडगा सापडेपर्यंत पुसू नका, म्हणजे वाचकांचे काम त्या दिवसांत अडणार नाही. तोडगा न सापडल्यास त्या संगणकाच्या दोन याद्यांची छायाचित्रे या सदराकडे पाठवा.